शालन त्या दिवशी साकवावर का गेली

गेल्या महिन्यापर्यंत हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, भावाला नाही, नवऱ्याला तर नाहीच — आणि त्याच्याशी मी एकतीस वर्षं संसार केला. देवळात जायचे, हात जोडायचे, आणि दुसरंच काहीतरी बोलून परत यायचे. आता सदुसष्ट संपत आलं. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते. पण एकदम नाही जमायचं मला. आधी थोडं नदीचं सांगू दे — चालेल ना?

नदी म्हणजे काही मोठी नव्हे. पालीच्या वरच्या अंगाच्या डोंगरातून उतरते, आमच्या वाडीला वळसा घालते आणि पुढे काजळीला मिळून भाट्याच्या खाडीला जाते. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. आम्ही मुली धुणं घेऊन जायचो आणि धुण्यापेक्षा दुप्पट वेळ पाण्यात बसायचो. खडकांमध्ये खोल डोह होते. त्यांना नावं होती — सोनारकोंड, बैलकोंड. नाव बुडालेल्याचं. कोण एक सोनारीण माहेरी निघाली होती ती तिथे गेली. कोणाची तरी नांगराची जोडी पाण्याला उतरली ती वर आलीच नाही. आम्ही त्याच बैलकोंडीत उड्या मारत वाढलो. भीती वाटायची नाही. नदीने नेलेली माणसंसुद्धा वाडीचीच वाटायची, जरा दूर राहायला गेल्यासारखी.

पावसाळ्यात मात्र ती ओळखू येत नसे. तांबडं पाणी, जांभ्याच्या मातीचं. पूर आला की सगळी वाडी काठावर. पुरुष लांब बांबूला आकडा बांधून वाहती लाकडं ओढायचे, आम्ही वाहून जाणारे नारळ मोजायचो. एकदा कोणाची तरी भाताची कणगी तरंगत आली आणि तिच्यावर एक कोंबडी बसलेली, एकटीच, ऐटीत. आमची शेजारीण भागीकाकी काठावरून तिला ओरडत होती, “मेले, बघतेस काय, मार की उडी.” कोंबडी तशीच पुढे गेली, खाडीकडे. काकी दोन दिवस त्या कोंबडीविषयी हळहळत होती.

आमच्याकडे कोणी सन सांगत नसे. देवळाला सात पायऱ्या होत्या नदीकडे उतरणाऱ्या, आणि पूर पायरीवरून ओळखायचे. तिसऱ्या पायरीच्या पुरात अमक्याचं घर पडलं, चौथीच्या पुरात तमक्याचं लग्न अडलं. माझा जन्म दुसऱ्या पायरीचा. पाणी पायरीला लागलं की बायका खणानारळाने नदीची ओटी भरायच्या, आणि मग जसं काही आपलं काम झालं अशा घरी येऊन चहा करायच्या.

पलीकडे जायला साकव होता. साकव म्हणजे आमचा लाकडी पूल — माडाचे दोन सोट काठापासून काठापर्यंत टाकलेले, वर बांबू बांधलेले आणि एका अंगाला धरायला आडवा बांबू. दरवर्षी मे महिन्यात वाडीतली सगळी माणसं मिळून तो नव्याने बांधायची. त्या दिवशी घरी चूल पेटत नसे. काठावरच भात आणि वाटाण्याची उसळ. आता तिथे सिमेंटचा पूल आहे, वरून रिक्षा जातात. चांगलंच झालं. पण त्या उसळीची चव अजून जिभेवर आहे, हे कशाला नाकारू?

बघा, मी अजून नदीपाशीच आहे.

शालन आमच्या वाडीत सून म्हणून आली तेव्हा एकोणीस-वीसची असेल. भागीकाकीच्या दत्ताची बायको. दत्ता बोटीवर खलाशी, आठ-नऊ महिने बाहेर. शालनचं माहेर जयगडकडचं, अगदी खाडीवर. तिचा बाप मच्छीमार. ती होडीतच वाढलेली. आमची नदी बघून पहिल्या दिवशी म्हणाली, “हिला नदी म्हणता तुम्ही?” पुढे बैलकोंडीत तिने जी बुडी मारली ती इतका वेळ वर येईना की आम्ही रडायच्या बेतात आलो. मग पलीकडच्या खडकाआडून तिचं हसू ऐकू आलं. तिचं हसणं असं होतं की आधी ते यायचं, मग ती यायची.

मी तेव्हा वाडीतली बालवाडी चालवायचे. शिकलेली, बिनलग्नाची. शालनला लिहायला नीट येत नसे, तिसरीनंतर शाळा सुटलेली. दत्ताचं पत्र आलं की ती पदरात लपवून आमच्या मागील दारी यायची. मी वाचायचे, मग ती सांगेल तसं उत्तर लिहायचे. अशी चार वर्षं. त्यांच्या संसारातलं अर्धंअधिक माझ्या हस्ताक्षरात होतं. मध्येच ती म्हणायची, “हे नको लिहू गो, तू कान बंद कर,” आणि मग तेच सांगायची. मला मैत्रीण अशी दुसरी नव्हती. तिच्याएवढी तर पुढेही झाली नाही.

भागीकाकीचं आणि तिचं रोज वाजायचं. काकीचा आवाज मोठा, जीभ तिखट. शेळीला, मांजराला, पावसाला, सगळ्यांना ती एकच सांगायची — “जा, नदीत जाऊन पड.” तिच्या तोंडी ते नमस्कारासारखं होतं. पण शालनला तापाने घेतलं तेव्हा तीन दिवस तिचे तळवे चोळत बसलेली काकी मी पाहिली आहे. माशातला चांगला तुकडा ती सुनेच्या भाताखाली दडवून ठेवायची आणि विचारलं तर म्हणायची, “पडला असेल.” दोघींचं भांडण म्हणजे दोघींचं बोलणं होतं. हे मला जेवढं माहीत होतं तेवढं वाडीत कोणालाच नव्हतं. एवढं लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

तो श्रावणाच्या तोंडाचा आठवडा. चार दिवस पाऊस खळला नव्हता, बालवाडी बंद. दुसऱ्या दिवशी मला बघायला माणसं येणार होती. याआधी दोघांनी नकार दिला होता. एकाने रंगावरून, दुसऱ्याने काही न सांगताच. मला पंचविसावं सरत होतं. भावाने मुंबईहून मोरपंखी साडी पाठवलेली. माझ्या आयुष्यातली पहिली रेशमी. तिचा ब्लाऊज पलीकडच्या पेठेत शिंप्याकडे शिवून तयार होता. पण पाणी साकवाच्या खाली हातभर आलं होतं आणि आईने मला बजावलं होतं, नदीकडे फिरकायचं नाही. जुना पांढरा ब्लाऊज घाल, काय बिघडतं?

काय बिघडत होतं? खरंच काही बिघडत नव्हतं. पण तेव्हा वाटलं की या वेळी नकार आला तर तो त्या पांढऱ्या ब्लाऊजमुळे येईल.

सकाळी अकराच्या सुमाराला शालन आली. हसतच आली. “आज मला नदीत धाडलंन म्हातारीने,” म्हणाली. सुकी लाकडं तिने गळतीखाली ठेवली होती, त्यावरून सकाळी काकी तापली होती, आणि तिचं ते नेहमीचं वाक्य साऱ्या वाडीने ऐकलं होतं. शालनच्या हातात दत्ताचं पत्र होतं. गणपतीला येतोय म्हणून. मी ते तिला तीनदा वाचून दाखवलं. मग उत्तर लिहायला बसलो. ती सांगत गेली — लिही, आपली मंजू आता तुमचा फोटो दाखवला की बाबा म्हणते. लिही, यंदाचं मखर मी करणार, तुम्ही मध्ये पडायचं नाही. लिही, म्हातारीच्या गुडघ्याला लावायचं ते तिकडचं तेल आणा, विसरू नका, ती मागायची नाही पण वाट बघते.

मी लिहिलं. पाकीट चिकटवलं. पोस्टही पलीकडेच, म्हणून ते माझ्याकडे राहिलं, पाणी उतरलं की टाकायचं म्हणून.

आणि मग ब्लाऊजची गोष्ट निघाली.

मी इतकी वर्षं मनातल्या मनात ती गोष्ट अशी सांगत आले, की मी आपली रडकुंडीला आलेली, आणि शालन म्हणाली, थांब, मी आणत्ये. शालनचा स्वभाव तसा होताच. कोणालाही पटलं असतं. मलासुद्धा पटत आलं होतं. पण ती तसं म्हणाली नव्हती.

मी म्हटलं, “तू जाऊन आणशील?”

ती दाराशी गेली, बाहेर बघितलं. म्हणाली, “पाणी चढतंय गो. उद्या सकाळी आणला तर नाय चालणार?”

“उद्या सकाळी ती माणसं येतील.”

तिने पुन्हा बाहेर बघितलं. आणि मी — हे वाक्य लिहायला मला आज दुपारपासून संध्याकाळ झाली — मी म्हटलं, “एवढी तू खाडीवरची, आणि या पाण्याला घाबरलीस?”

ती हसली. दाराआडचं आमचं पावसाचं इरलं घेतलं, डोक्यावर टाकलं, “मंजू उठायच्या आत येत्ये,” म्हणाली आणि पाणंदीच्या वाटेने खाली गेली. आई मागे गोठ्यात होती. तिला दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही की शालन आमच्या घरून गेली.

मी आरशासमोर बसले होते. केस विंचरत होते.

खालच्या वळणावर एक म्हातारा लाकडं ओढत होता. त्याने लांबून पाहिलं, साकवावर इरलं घेतलेली एक बाई. म्हणाला, ती मधोमध थांबली. जरा वेळ तशीच उभी राहिली. त्याने आकड्याकडे नजर वळवली, परत वर पाहिलं तर बाई नव्हती, आणि साकवाचा अर्धा भागही नव्हता. शालन शिंप्यापर्यंत पोचलीच नाही. ती सापडली तिसऱ्या दिवशी, भाट्याच्या अलीकडे, खाडीकडेच्या तिवराच्या झाडीत.

ती मधोमध का थांबली? वाडीला कारण लगेच सापडलं. पुढचे बांबू सुटलेले दिसले असतील, परत फिरायचा विचार करत असेल, असं कोणाच्या मनात आलं नाही. आलं ते हेच — सकाळी सासू म्हणाली, नदीत जाऊन पड, आणि सून गेली. पोहता येणारी बाई बुडते कशी? म्हणजे तिला बुडायचंच होतं. आणि अशा पाण्यात साकवावर जायचं दुसरं काम तरी काय होतं तिचं?

दुसरं काम काय होतं ते मी सांगू शकत होते. त्याच संध्याकाळी सांगू शकत होते. सगळी माणसं काठावर होती, काकी चिखलात बसून छाती बडवत होती, “मी उगाच बोलले गो, मी उगाच बोलले.” मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. मंजूला — शालनच्या तीन वर्षांच्या मुलीला — मीच कडेवर घेतलं होतं. तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, “सकाळी शालन आली होती ना आपल्याकडे?” मी म्हटलं, “पत्र लिहून घेतलं आणि घरी गेली.” आईने माझ्याकडे बघितलं. मग दाराआड, जिथे इरलं असायचं तिथे बघितलं. पुन्हा कधी विचारलं नाही. ती गेली तोवर नाही.

का बोलले नाही? आईची भीती होती. बघायला येणारी माणसं होती. अशी मुलगी कोण करून घेईल, हे होतं. पण हे सगळं पहिल्या चार दिवसांचं. पाचव्या दिवसापासून माझ्याजवळ काही कारण नव्हतं. फक्त आधी बोलले नव्हते, एवढंच.

पाणी उतरल्यावर माणसांनी साकव पुन्हा बांधला आणि मी स्वतःच्या पायांनी जाऊन ब्लाऊज आणला. शिंपी म्हणाला, माप बघून घ्या. अगदी बरोबर बसला. लांबलेला कार्यक्रम तीन आठवड्यांनी झाला, आणि होकार आला. तो ब्लाऊज मी पुन्हा कधी अंगाला लावला नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं नाही. पाच-सहा वर्षं घातला, शिवण उसवेपर्यंत.

इथे थांबले तरी तुम्ही म्हणाल, पोरवयातली भेकड बाई. पण अजून एक आहे. तेच मला जास्त जड जातं.

दत्ता आला तो गणपतीच्या आधी दोन दिवस, म्हणजे एरवी आला असता तेव्हाच. तार मिळायला आणि बोट बंदराला लागायला तेवढे दिवस गेले. वाडीने त्याला पाणंदीतच सगळं सांगितलं. त्या वर्षी त्यांच्याकडे मखर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या मागील दारी आला, जिथे शालन बसायची त्याच पायरीशी उभा राहिला. बसला नाही. म्हणाला, “ताई, तुम्ही तिची पत्रं लिहायचात. सगळी बोलतात ते खरं काय? आईचा एवढा जाच होता तिला?”

त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं. त्याला ‘नाही’ ऐकायचं होतं. एक ‘नाही’ पुरेसं होतं, कारण माझ्या शब्दाला त्याच्याकडे किंमत होती. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार — मग ती तिथे कशाला गेली?

मी म्हटलं, “त्यांचं पटत नसे, हे खरं.”

एवढंच. या वाक्यात खोटं काय आहे, सांगा? कोणालाही विचारा, त्यांचं रोज वाजायचं. मी असं वाक्य निवडलं की ज्याला कोणी हात लावू शकणार नाही. दत्ताने मान हलवली. दोन वेळा हलवली. आणि गेला.

ते शेवटचं पत्र तेव्हा माझ्या पेटीत होतं. तेलाचं, मखराचं, फोटोचं. तो वळणाआड गेल्यावर मी ते काढलं आणि न्हाणीच्या चुलीत घातलं. हे मी घाबरून नाही केलं. शांतपणे केलं. पाकीट ओलसर होतं, पेटायला वेळ लागला, तर मी फुंकणी घेतली.

आठ दिवसांत दत्ताने मंजूला तिच्या आजोळी नेऊन सोडलं, जयगडकडे. आईला तो लागेल ते पाठवत राहिला. चांगला मुलगा होता. पण तिचा उंबरा तो पुन्हा चढला नाही. वाडीतल्या बायकांनी काकीकडे जाणं कमी केलं, मग सोडलं. साकव बांधायच्या दिवशी तिला उसळीला हाक मारायला एक वर्ष विसरले, पुढे विसरायचीही गरज राहिली नाही.

माझं लग्न होऊन मी रत्नागिरीत आले. गणपतीला माहेरी गेले की काकीकडे जायचे. मीच एकटी जायचे. सगळे म्हणायचे, किती मनाची चांगली. काकी मला आमसुलं द्यायची, फणसाची साठं द्यायची. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मांजराला ओरडणंसुद्धा तिने सोडलं होतं. एकदा आमसुलं बांधताना हात थांबवून म्हणाली, “लाकडं भिजवलीन म्हणून बोलले गो मी. तेवढ्यावरनं कोण जीव देतं काय? तुला कधी काय बोलली होती? तुझी ती मैत्रीण.”

समोरासमोर विचारलं तिने. तिसरं कोणी नव्हतं. तिला मी सांगितलं असतं तर तिने मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित मारलं असतं, आणि मग ती मोकळी झाली असती. मी म्हटलं, “काकी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

ती म्हणाली, “माझ्या जिभेनेच गेली ती.” आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली.

अशी अकरा वर्षं जगली. तिला नेलं तेव्हा मी गावी नव्हते. ऐकलं की खांद्याला माणसं कमी पडली, शेजारच्या वाडीतून बोलवावी लागली.

मग बरीच वर्षं गेली. किती सहज लिहिते आहे मी — बरीच वर्षं गेली. माझी दोन मुलं झाली, नोकऱ्यांना लागली. दत्ता गेला. माझा नवरा गेला. दहाएक वर्षांपूर्वी इथे मच्छीबाजारात एका बाईने सुरमईवाल्याशी बोलताना हसून अगदी शालनसारखी मान मागे टाकली आणि माझ्या हातची पिशवी खाली पडली. मंजूच होती ती. लग्न होऊन रत्नागिरीतच राहत होती. मी ओळख सांगितल्यावर तिने भर बाजारात माझे हात धरले. “तुम्ही आईची मैत्रीण?”

तेव्हापासून ती यायची. महिन्यातून एकदा तरी. मावशी म्हणायची. आईचं सांगा म्हणायची, आणि मी सांगायचे — बैलकोंडीतली बुडी, मखराचे बेत, पत्रं सांगताना कान बंद कर म्हणायची ते. सांगताना मलाच इतकं सुख व्हायचं की मी त्यात विसरून जायचे. तिला तिची आई मी थोडी थोडी करून परत देत होते, असं मला वाटायचं. आणि जे द्यायला हवं होतं तेवढंच देत नव्हते.

गेल्या महिन्यात आली ती वेगळीच. सगळीकडे पाणी भरलं होतं, आदल्या दिवसापासून फोनवर पुराचीच चित्रं फिरत होती. ती छत्री मिटून खुर्चीत बसली, मी चहा ठेवला. तिची मुलगी सतराची. परीक्षेत मागे पडल्यापासून गप्प झाली होती, खोलीतून बाहेर येत नव्हती. डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, पोरगी सावरेल, वेळ द्या. पण मंजूला झोप नव्हती. म्हणाली, “मावशी, डॉक्टरांना मी आईचं सांगितलं. घराण्यात आहे म्हटलं. आईने मला तीन वर्षांची टाकून जीव दिला. तिच्यातलं ते माझ्यात नाही आलं, मग हिच्यात आलं असेल. तीन आठवडे मी हिला एकटी सोडलेली नाही. न्हाणीघराच्या दाराशी उभी राहते मी.”

चहा उतू गेला. मी उठून गॅस बंद केला. आणि ओट्याकडे तोंड करूनच बोलायला लागले.

सगळं सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसंच. ब्लाऊज, मी काय म्हटलं ते, तिच्या बाबांना काय सांगितलं ते, चूल, फुंकणी. मला वाटलं, ती उठून गेली की काय. वळून बघितलं तर तशीच बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

मग तिने विचारलं, “म्हणजे ती परत येणार होती?”

“हो,” मी म्हटलं. “तू झोपली होतीस. मंजू उठायच्या आत येत्ये, असं म्हणून गेली.”

तिने डोळे मिटले. किती वेळ, ते सांगता येत नाही मला. चेहऱ्यावर जे होतं त्याला मी नाव देणार नाही. तो अधिकार माझा नव्हे.

मग उठली. दारात जाऊन छत्री उघडली, पुन्हा मिटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आजी गेली तेव्हा आम्हाला निरोप आला होता. मी चौदा वर्षांची होते. बाबा म्हणाले, जायचं नाही. मी म्हटलं, मला नाहीच जायचं तिच्याकडे.”

जिन्यात तिची पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

महिना झाला. तिचा फोन नाही. मी केलेला नाही.